समुद्राच्या चिठ्ठ्या

चाळिशी उलटेपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता, आणि पाहिला तेव्हा त्याच्यावर इतकी भडकलेली होते की तो छान आहे की नाही हे बघायचंही राहून गेलं. नागपूरला परत आल्यावर ज्यानं त्यानं एकच विचारलं, "मग, कसा वाटला समुद्र?" कसा वाटायचा? माझ्या कामात कडमडला, असा वाटला. ज्यांनी भाईंदर पाहिलेलं नाही आणि पाहायचा विचारही नाही, त्यांच्यासाठी हे एकदाचं लिहून काढतेय. म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

आधी मी तिथं का तडमडले ते सांगते. आमचं कार्यालय नकाशे करतं. पंधरा-सोळा वर्षं मी ते टेबलावर ओणवी होऊन शाईनं काढले. मग कॉम्प्युटर आला, आणि उपग्रहानं वरून टिपलेली चित्रं आली. हे चित्र म्हणजे नुसते बारीक बारीक चौकोन. प्रत्येक चौकोन जमिनीवर छत्तीस मीटर लांब, छत्तीस मीटर रुंद. रंग बघून कॉम्प्युटर ठरवतो की हे शेत, ही घरं, हे मिठागर, ही रिकामी वाळू. त्यानं ठरवलेलं खरं की खोटं हे बघायला मात्र चपला झिजवणारा माणूस लागतो. सगळे चौकोन काही कुणी पायी बघू शकत नाही, म्हणून सोडत काढायची आणि निघतील तेवढे चौकोन बघून यायचे.

ही सोडत सरसकट नसते. जिथं कॉम्प्युटरला खात्री आहे त्या चौकोनाची एक चिठ्ठी टाकायची, जिथं तो गडबडण्याचा संभव आहे तिथं जास्त. आमच्या भाषेत याला वजन देणं म्हणतात. प्रत्येक चौकोनात एक आकडा लिहायचा, जेवढा आकडा तेवढ्या चिठ्ठ्या. ही वजनं मी दिली होती. घरांना एक, मिठागरांना एक, शेतांना दोन, आणि उजळ दिसणाऱ्या वाळूला पाच.

काम होतं भाईंदरपासून उत्तनपर्यंतच्या पट्ट्याचं. त्यातून 'रिकामी जमीन' अशी यादी निघायची होती, आणि यादीतल्या जागा पुढे वाटल्या जायच्या होत्या. आमच्या माणसानं जाऊन 'ही रिकामी नाही' असं लिहिलं की लागून असलेल्या तशाच चौकोनांसकट ती सगळी जागा यादीतून बाद. आणि जिथं कुणी गेलंच नाही, तिथं कॉम्प्युटर म्हणेल ते खरं. आमचे ढोबळे साहेब दर वेळी बजावत, "सोडतीत निघालेला पॉइंट सोडून एक अक्षर लिहायचं नाही. नाहीतर प्रत्येक जण सावली बघून उभा राहील. पॉइंट तो पॉइंट." चाळीस पॉइंटांची यादी कॉम्प्युटरनं मला दिली संध्याकाळी पाचला, आणि माझी गाडी होती सातची. यादी म्हणजे नुसते आकडे. नकाशावर ठिपके मांडून बघायला फुरसत कुणाला होती?

भाईंदर पूर्व

माझी मावसबहीण शोभा भाईंदर पूर्वेला राहते. नवरा परभणीकडचा, टेलिफोनमध्ये नोकरीला. दारात "जय भीम" झालं, आणि लगेच भावजींनी माझ्या हातात बादली दिली. म्हणाले, "ताई, राग मानू नका. पाणी आत्ताच येतंय, आणि पंधरा मिनिटांत जातंय." तिसरा मजला, दोन खोल्या, आणि भरायला सात पिंपं. जानेवारीत आम्ही नागपुरात शेकोटी करतो, इथं पंखा लावूनही घाम.

शोभा खाली वाण्याशी अर्धी गुजराती अर्धी हिंदी बोलते, शेजारणीशी हिंदी आणि पोरांशी मराठी. हिंदी आमच्याकडेही बोलतात, पण आमची हिंदी निवांत ओट्यावर बसून बोलायची, इथली धावत्या पायानं बोलायची. मी नेलेली सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, तिनं उभ्याउभ्याच खाल्ली आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "काऊन गं एवढीच आणली?"

जेवणं झाल्यावर मी नकाशा फरशीवर पसरला आणि यादी बघून एकेक ठिपका मांडायला लागले. पहिला पाण्यात. म्हटलं असेल, खाडीकाठचा असेल. दुसरा पाण्यात. तिसरा सरळ समुद्रात, किनाऱ्यापासून चांगला लांब. दहावा ठिपका मांडला तेव्हा माझे कान गरम झाले होते. चाळीसपैकी एकोणचाळीस ठिपके निळ्यात!

भावजी शेजारी बसून बघत होते. "ताई, तुमचं खातं मासेमारीचं आहे का?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

सकाळी नऊला एसटीडी बूथवर रांग लावून मी साहेबांना फोन लावला. "सर, पॉइंट सगळे समुद्रात पडलेत."

"सगळे?"

"एक सोडून."

"मग त्या एकापासून सुरुवात करा."

"अहो सर, पण बाकीचे समुद्रात आहेत! तिथं जमीन नाही!"

"हे तुम्ही नागपुरात शिकलेल्या भूगोलावरून म्हणताय की जाऊन बघितलंय? किनारे सरकतात, बाई. मशीन उगाच नाही निवडत. पॉइंट तो पॉइंट." काचेबाहेरचा माणूस घड्याळ दाखवायला लागला, म्हणून मी फोन ठेवला.

खारी

तो एक जमिनीवरचा पॉइंट खारी गावात होता. खारी म्हणजे भाईंदर पूर्वेतलं जुनं गाव, आता चहूबाजूंनी इमारती उभ्या राहिल्यात आणि मधे कौलारू घरं अंग चोरून बसलीत. माझ्याकडे उपग्रहावरून जागा सांगणारं हातातलं यंत्र होतं. त्या यंत्राचा नेम शंभर मीटर इकडेतिकडे, आणि माझा चौकोन छत्तीस मीटरचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! तासभर फिरून, नकाशाशी ताडून, मी शेवटी एका घराच्या न्हाणीसमोर उभी राहिले. पॉइंट आत होता.

आत एक आजी अंघोळ करत होत्या.

त्यांची सून बाहेर आली. माझ्या गळ्यातलं यंत्र, हातातला तक्ता आणि घामानं थबथबलेला चेहरा बघून तिनं विचारलं, "रेशन कार्डासाठी आलाव का?"

"नाही, जमिनीचा वापर बघायला."

"कनच्या जमिनीचा?"

मी न्हाणीकडे बोट दाखवलं. ती जी हसायला लागली ती तोंडाला पदर लावूनही थांबेना. मग तिनं मला ओट्यावर बसवून लिंबाचं सरबत दिलं. आजी न्हाऊन बाहेर आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लिव, बाय. वापर हाय म्हणून लिव." मी 'घर, वापरात' असं लिहिलं, आणि माझं जमिनीवरचं काम संपलं.

पाली

आता राहिले एकोणचाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं उत्तनला उतरले आणि तिथून चालत पालीला. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लुना आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. घरांच्या दारांवर क्रूस, अंगणात जाळी, आणि सगळीकडे मासळीचा वास. तो वास मला एकदम ओळखीचा वाटला. कुठला ते आठवेना.

बोट कुणाकडे मिळेल म्हणून एका दारात विचारलं. दारातल्या बाईचं नाव फिलोमिना, सगळे तिला फिलूबाई म्हणतात. माझ्याच वयाची, नवरा वारून चार वर्षं झालेली, घरात सासू आणि दोन मुली. तिनं मला खालून वर न्याहाळलं. "बोटीत बसलाव हाय कवा?"

"नाही."

"पोवता येतं?"

"नाही."

"मंग समिंदरात कशाला चाललाव?"

मी तिला सांगितलं की समुद्रात एकोणचाळीस ठिकाणी जमीन आहे का ते बघायचंय. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आत सासूकडे बघितलं, आणि दीर पास्कूला हाक मारली.

पास्कू जाळं ओढायला निघालाच होता. त्याच्याबरोबर मी गेले, आणि पुढचे चार तास कसे गेले ते मला विचारू नका. पोटात सकाळचा चहासुद्धा राहिला नाही. पहिल्या पॉइंटच्या आसपास पोचलो तेव्हा मी बोटीच्या काठाला घोरपडीसारखी चिकटले होते. पास्कूनं दोरीला दगड बांधून सोडला, दोरी संपली तरी दगड टेकेना. "हितं जमीन न्हाय, मॅडम. लिवा."

मी लिहिलं, 'पाणी'. तक्त्यात पुढचा रकाना होता जमीनमालकाच्या नावाचा. तोही मी पास्कूला वाचून दाखवला, आता काय लाजायचं! तो आभाळाकडे बघून म्हणाला, "त्याचं नाव टाका. सही घ्यायला मातुर तुमीच जावा."

असे तीन पॉइंट केले. चौथ्याला मी हात जोडले. पाय वाळूला लागल्यावर मी तिथंच फतकल मारून बसले आणि साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मनातल्या मनात नाही, चांगला मोठ्यानं. फिलूबाई येऊन शेजारी बसली. तिनं पेलाभर काळा चहा दिला आणि म्हणाली, "जेवूनच जावा आता."

खळं

तांदळाची भाकरी होती आणि बोंबलाचं कालवण. पहिला घास घेतला आणि सकाळपासूनच्या त्या वासाचा उलगडा झाला. आमच्याकडे आठवडी बाजारात एका बाजूला सुकट-बोंबील घेऊन बसतात. आई शनिवारी ते आणायची, तव्यावर भाजायची, तिखट आणि लसूण घालून कुटायची. मटण सणावारी, बोंबील दर आठवड्याला. लहानपणापासून खाल्ले, पण ते सुकतात कुठं हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. भूगोलाची पदवी घेतली, पण आईच्या तव्यावरचा बोंबील कुठल्या गावाहून आला ते ठाऊक नाही! फिलूबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या खल्यावरचाच आसंल. चला, दावते."

त्यांचं खळं म्हणजे घरांमागचं वाळूचं मोठं मोकळं मैदान. बांबूच्या उंच मांडण्या उभ्या होत्या, त्यांना तिथं वलांडी म्हणतात, आणि त्यांवर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून ओळीनं टांगलेल्या. खाली जवळा पसरलेला. बायका डोक्याला फडकी बांधून उलथापालथ करत होत्या. आमच्याकडे ज्वारीच्या खळ्यावर सुगीत असाच गलका असतो, फक्त इथं पाखरांऐवजी मांजरं हाकलायची. मैदानाच्या टोकाला, खडकाजवळ, फिलूबाईची जागा होती. त्या जागेवर तिचं घर चालतं, दोघी मुलींची शाळा चालते. पुरुष समुद्रातून आणतो ते ओलं, आणि ओल्याचं उद्या काही खरं नसतं. सुकवलं तरच घरात टिकतं.

मी सवयीनं नकाशा उघडून ते सगळं खळं शोधलं. तिथले आठ चौकोन उजळ होते. शेजारी कॉम्प्युटरनं लिहिलं होतं: रिकामी वाळू.

बरोबरच होतं त्याचं. वरून बघणाऱ्याला बोंबील दिसतात होय? त्याला वाळू तेवढी चकाकताना दिसली. आणि माझ्या चाळीस पॉइंटांपैकी या खळ्यावर एकही नव्हता. माझा एक पॉइंट न्हाणीत, एकोणचाळीस पाण्यात. म्हणजे या जागेबद्दल मी एक अक्षर लिहू शकत नव्हते, आणि मी लिहिलं नाही तर ही जागा 'रिकामी' म्हणून यादीत जाणार. मी फिलूबाईला हे सांगितलं. लपवून काय करायचं होतं? आजूबाजूच्या बायका हातातलं काम टाकून जमल्या.

"आवो पन तुमी उभ्या हाव ना हितं? डोल्यांनी बगताव ना?"

"बघतेय. पण सोडतीत ही जागा निघाली नाही. निघाली असती तरच लिहिता येतं."

मला वाटलं आता शिव्या बसणार. पण सोडत म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर काहीतरी समजल्यासारखं दिसलं. कारण त्या खळ्यावरच्या जागाही चिठ्ठ्या टाकूनच वाटतात! पावसाळा सरला की मडक्यात चिठ्ठ्या टाकायच्या. ज्या घराच्या जितक्या बोटी तितक्या चिठ्ठ्या. जिच्या घरी कमावता पुरुष नाही तिला दोन जास्तीच्या, म्हणजे तिचं नाव लवकर निघावं. ज्याची चिठ्ठी आधी त्यानं जागा आधी निवडायची. मी दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन जे वजन देणं शिकले, ते या बायका आजीच्या आजीपासून करत आल्या होत्या.

फिलूबाईची सासू, सगळे तिला जुलीआय म्हणतात, मोतीबिंदूनं डोळे पांढरे झालेली, वाळूवर बसून सगळं ऐकत होती. चिठ्ठ्या काढायचा मान तिचा, कारण तिला वाचताही येत नाही आणि दिसतही नाही. तिनं विचारलं, "तुझ्या मडक्यात कोनाकोनाच्या चिठ्ठ्या व्हत्या?"

"घरांच्या, शेतांच्या, मिठागरांच्या, वाळूच्या."

"आनि निगाल्या कोनाच्या?"

"समुद्राच्या."

"समिंदराची चिठ्ठी टाकली कोनी?"

"कुणीच नाही टाकली, आजी. समुद्राबद्दल आम्हाला काही माहितीच नको होती."

"टाकल्याबिगर निगंल कशी?" ती म्हणाली. "एका वरसाला फिलिपचं सगलं घर दुबईला गेलं. त्याच्या चार चिठ्ठ्या मडक्यातून काढायच्या र्‍हायल्या. पयली चिठ्ठी निगाली त्याचीच. मोक्याची जागा, वरीसभर मोकली. तवापासून आमी पयलं इच्यारतो, न्हाय कोन? जो न्हाय, त्याची चिठ्ठी पयली काढायची."

मी पिशवीतून कॉम्प्युटरचे छापील कागद काढले, ज्यांवर प्रत्येक चौकोनाचं वजन आकड्यात छापलेलं असतं. आतापर्यंत मी ते उघडलेसुद्धा नव्हते. जमिनीच्या जागी एक, एक, दोन, पाच. आणि जिथं समुद्र आणि खाडी, तिथं पानंच्या पानं एकच आकडा: २५५, २५५, २५५.

घोडं इथं पेंड खात होतं. 'या चौकोनाची माहिती नाही' असं कॉम्प्युटरला सांगायचं तर तिथं २५५ लिहायचं, अशी आमच्याकडे खूण आहे. ती खूण आहे हे सोडतीच्या वेळी वेगळं सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तो बापडा ते वजनच समजतो. म्हणजे खळ्याच्या चौकोनाच्या पाच चिठ्ठ्या, आणि समुद्राच्या प्रत्येक चौकोनाच्या दोनशे पंचावन्न! आणि हे सांगायचं राहिलं कुणाचं? माझं. तीन दिवस साहेबांना, यंत्राला, समुद्राला शिव्या घातल्या, आणि आपलेच दात, आपलेच ओठ.

उत्तनच्या नाक्यावरून फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "ही चूक कुणाची?"

"माझी, सर."

"यादी परवा द्यायचीय. पुन्हा खेप मंजूर होणार नाही." मग म्हणाले, "पाली ज्या पानावर आहे, तेवढ्या एका पानाची सोडत हातानं काढा. बारा पॉइंट. वजनं तीच. पण सोडत ती सोडत, बाई. खळं निघालं तर निघालं, नाही निघालं तर नाही."

मडकं

त्या रात्री शोभाकडे मला झोप लागली नाही. त्या पानावर जमिनीचे शंभराच्या आत चौकोन, चिठ्ठ्या साधारण दोनशे. त्यांत खळ्याच्या चाळीस. बारा काढायच्या. हिशोबानं दोन-तीन खळ्याच्या निघायला हव्यात. पण हिशोबानं तर मी तीन दिवसांपूर्वीही निघाले होते! माझा चिठ्ठीवरचा विश्वासच उडाला होता. एकही निघाली नाही तर? फिलूबाईच्या मुलींना काय सांगायचं, सोडत अगदी नियमानं झाली, पण तुमचं खळं गेलं?

सकाळी मी पालीला पोचले तर खळ्यावर चटई अंथरून बायका तयार. समुद्राची ती २५५ छापलेली पानंच आम्ही फाडली आणि कोऱ्या बाजूनं चौकोनांचे नंबर लिहायला लागलो. फिलूबाईची थोरली मुलगी वाचून दाखवायची, बायका घड्या घालायच्या. खळ्याच्या चिठ्ठ्या मी लिहायला घेतल्या. आणि हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. आठ चौकोनांची एकेक चिठ्ठी मी माझ्या वहीच्या जाड पुठ्ठ्यातून फाडली. बोटांना पहिल्यांदा लागावी म्हणून. शेवटी टाकली, आणि मडकं मुद्दाम हळूच हलवलं.

जुलीआयनं क्रूसाची खूण केली आणि मडक्यात हात घातला. हात आत थांबला. तिनं एक चिठ्ठी बाहेर काढली, उघडली नाही, अंगठ्याखाली घोळवली आणि चटईवर बाजूला ठेवली. पुन्हा हात घातला. दुसरी तशीच. तिसरी. चाचपून चाचपून तिनं आठच्या आठ काढल्या आणि ओळीनं मांडल्या.

"ह्या येगल्या लागतान," ती म्हणाली. "कोनी लिवल्या?"

फिलूबाईनं एक चिठ्ठी उघडून नंबर बघितला. तो तिच्याच जागेचा होता. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"आजी, तुमच्यासाठीच केलं हो," मी म्हटलं. "नाही निघालं तर जाईल ना खळं!"

"जाईल तर जाईल," म्हातारी म्हणाली. "बाय, हे मडका आमचा हाय. आज ह्याच्यातून आमच्यासाटी खोटी चिठ्ठी निगंल, तर पुढल्या वरसाला माज्या हातावर इस्वास कोन ठेवील? ह्या फिलूच्या दोन जास्तीच्या चिठ्ठ्या हायत. कोन ऱ्हाऊ देईल त्या?"

मग फिलूबाईनंच समुद्राचं एक पान ओढलं, आठ तुकडे फाडले आणि माझ्यासमोर ठेवले. "लिवा, मॅडम. पातल कागदावर."

मी लिहिल्या. या वेळी मडकं पास्कूनं हलवलं, असं की आतल्या चिठ्ठ्या सळसळल्या. पहिली निघाली भाताच्या शेताची. दुसरी घराची. तिसरी पुन्हा शेत. चौथी, पाचवी, मला आता आठवतही नाही कशाच्या होत्या. सहावी खळ्याची! एका बाईनं "येशू!" म्हणून ओरडायला तोंड उघडलं, पण जुलीआयनं हात वर करून तिला गप्प केलं. नववी खळ्याची. आणि अकरावी पुन्हा खळ्याची, खडकाकडच्या टोकाची. फिलूबाई खाली बसली आणि तिनं पदरात तोंड लपवलं.

तीन. हिशोबानं निघायला हव्या होत्या तेवढ्याच. समुद्राच्या चिठ्ठ्या काढून टाकायच्या होत्या, बस. पुठ्ठ्याची काही गरजच नव्हती. मी दिवसभर बाराही पॉइंट पायी फिरले, आणि खळ्याच्या तिन्ही चौकोनांवर उभी राहून लिहिलं: 'मासळी सुकवण्याची जागा. वापरात. रिकामी नाही.'

निघताना जुलीआयनं बोंबलांचं पुडकं दिलं. मी म्हटलं, "आजी, चुकले हो." ती म्हणाली, "मंग? चुकलं ते काडून टाकलं. आता आयला भाजून घाल."

नागपूर

आईनं पुडकं उघडलं, हुंगलं आणि म्हणाली, "हे कुठून आणले? आपल्या बाजारातलेच दिसतात." मी तिला सगळं सांगितलं, पुठ्ठ्यासकट. ती बोंबील भाजता भाजता मधेच थांबली, आणि मग पुन्हा भाजायला लागली.

पालीचं खळं यादीतून गळलं. नकाशावर आता तिथं दुसरा रंग आहे, तो मीच भरलाय. बाकीच्या पट्ट्यात माझ्यामुळे ती न्हाणी सोडून एकही चिठ्ठी निघाली नाही, तिथं कुणाचं काय गेलं असेल ते मला माहीत नाही, आणि ते डोक्यातून जात नाही.

अहवालाच्या तक्त्यात सोडतीचे तीन रकाने असतात. सोडत कुणी काढली? मी लिहिलं, 'ज्युली, वय अंदाजे ऐंशी, मोतीबिंदू.' बाद चिठ्ठ्या किती? 'आठ.' बाद करण्याचं कारण? 'जाड.'

ढोबळे साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून ते तीनदा वाचलं. "अशी कारणं असतात का कुठं? काढून टाका हे."

"नाही सर. झालं ते झालं. पॉइंट तो पॉइंट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जाड म्हणजे काय, पण?"

"म्हणजे मी लिहिलेल्या, सर."